एटी म्हणजे "ऐक रे!" : डायल-अप मॉडेमची भाषा आणि खोडाळ्याकडचा एक पंप

(हे आमच्या एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना तीच अक्षरं इंग्रजी कीबोर्डवरून टाका.)

इअरफोन लावा, कारण सुरुवातीला एक आवाज ऐकवतोय.

[आवाज: डायल टोन, नंबर फिरल्याचे टूं-टूं, मग किरकिर, शिट्टी, खरखर, शांतता]

ज्यांचं वय पस्तिशीच्या पुढे आहे त्यांना हा आवाज लगेच कळला असेल. बाकीच्यांना वाटलं असेल, याचा माईक बिघडला. हा डायल-अप मॉडेमचा आवाज आहे. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं तेव्हा दर वेळी आधी हे संगीत ऐकावं लागायचं.

मी स्वतः डायल-अप फारसं वापरलेलं नाही. मला कळायला लागलं तेव्हा ते संपत आलं होतं. मग आज हा विषय का? तर गेल्या मे महिन्यात मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या पुढे एका पाड्यावर, माझ्या मामाकडे पाण्याचा पंप बंद पडला. मोबाईलवरून चालू होणारा पंप. अकरा दिवस बायका खालच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. आणि त्या पंपाचं दुखणं मला ज्या अक्षरांनी सापडलं ती अक्षरं १९८१ सालच्या डायल-अप मॉडेमची आहेत. पंपाकडे आपण शेवटी जाऊ. आधी ती भाषा शिकू, म्हणजे पंपाने काय सांगितलं ते तुम्हाला माझ्याशिवाय कळेल.

मॉडेम करतो काय?

टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा त्यातून जातो. संगणकाकडे मात्र फक्त शून्य आणि एक. मग शून्य-एकचं सुरात रूपांतर करायचं आणि पलीकडे सुरांचं परत शून्य-एक करायचं. पहिलं काम मॉड्युलेशन, दुसरं डिमॉड्युलेशन. दोघांची पहिली अक्षरं जोडली की मॉडेम.

जुन्या ३०० बिटवाल्या मॉडेममध्ये हे अगदी सरळ होतं. फोन करणाऱ्या बाजूचा मॉडेम शून्यासाठी १०७० हर्ट्झचा सूर वाजवायचा आणि एकसाठी १२७० हर्ट्झचा. उत्तर देणारी बाजू २०२५ आणि २२२५ वापरायची, म्हणजे दोघं एकाच वेळी बोलले तरी गोंधळ नाही. सेकंदाला ३०० बिट म्हणजे जवळपास ३० अक्षरं. तुम्ही व्हॉट्सॲपवर ३ एमबीचा फोटो टाकता ना? या वेगाने तो जायला २७-२८ तास लागले असते. नंतर १९९८ च्या सुमारास ५६के मॉडेम आले. तिथे कागदावरच्या पूर्ण वेगाने तोच फोटो सात-आठ मिनिटांत गेला असता. कागदावरचा वेग मिळायचा नाही, ते सोडा.

पण आजचा प्रश्न वेगाचा नाहीये. प्रश्न असा आहे की मॉडेमला सांगायचं कसं, "बाबा, हा नंबर फिरव"?

एक तार, दोन कामं

सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी हे काम माणूसच करायचा. फोन उचलायचा, हाताने नंबर फिरवायचा, पलीकडून शिट्टी आली की रिसीव्हर मॉडेमच्या रबरी कपांत ठेवायचा. झालं कनेक्शन.

अमेरिकेत अटलांटाला डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन हे दोघं घरगुती संगणकांसाठी मॉडेम बनवत होते. त्यांना नंबर फिरवण्याचं काम संगणकाकडूनच करून घ्यायचं होतं. अडचण अशी की संगणक आणि मॉडेम यांच्यामध्ये एकच सिरीयल केबल. त्या केबलवरून जाणारं प्रत्येक अक्षर मॉडेम पलीकडे पाठवून देणार. मग "हे पुढे पाठव" आणि "हे तुझ्यासाठी आहे" यातला फरक त्याला कळणार कसा?

१९८१ मध्ये आलेल्या त्यांच्या स्मार्टमॉडेमने याचं उत्तर दिलं. मॉडेमच्या दोन अवस्था केल्या. पहिली कमांड मोड: फोन लागलेला नाही, आलेलं प्रत्येक अक्षर म्हणजे मॉडेमसाठी हुकूम. दुसरी डेटा मोड: फोन लागलाय, आता येईल ते अक्षर मुकाट पलीकडे पाठवायचं.

आणि प्रत्येक हुकमाच्या सुरुवातीला दोन अक्षरं: ए आणि टी. अटेन्शन. आपल्याकडे शेतातून कुणाला हाक मारताना आधी "ऐक रे!" म्हणतो, मग काम सांगतो, तसंच. या दोन अक्षरांचा अजून एक उपयोग होता. मॉडेमला आधी माहीत नसतं की संगणक कोणत्या वेगाने बोलतोय. ए आणि टी यांची बिटं कशी येतात ते मोजून तो वेग आणि पॅरिटी ओळखायचा. म्हणजे हाक ऐकताना तो बोलणाऱ्याची लकबही पकडायचा.

चला, हुकूम देऊ

मी भंगारातून दोन जुने एक्स्टर्नल मॉडेम आणले आणि यूएसबीला सिरीयल जोडणारी केबल घेतली. लिनक्सवर मिनिकॉम, विंडोजवर पुटी, यातलं काहीही चालतं. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. आणि टाइप केलं:

एटी — एंटर. उत्तर आलं: ओके.

खरं सांगू? भारी वाटलं. वीसेक वर्षं कुणी न बोललेला डबा आणि पहिल्या हाकेला ओ दिली.

आता महत्त्वाच्या कमांड ऐका. वहीत लिहून घ्या, पाठ करायची गरज नाही.

एटीझेड: मॉडेम रीसेट कर. एटी अँड एफ: कारखान्यातून आलास तसा हो. कुणी काय सेटिंग करून ठेवलंय माहीत नसेल तर इथूनच सुरू करायचं.

एटीडी: डायल. पुढे टी लावला तर टोनने, पी लावला तर पल्सने. म्हणजे एटीडीटी आणि पुढे नंबर. नंबरात स्वल्पविराम टाकला की मॉडेम तिथे थांबतो, सहसा दोन सेकंद. ऑफिसात बाहेरची लाईन घेण्यासाठी आधी शून्य दाबावा लागतो ना? तिथे शून्य, स्वल्पविराम, मग नंबर.

एटीए: आन्सर, म्हणजे आलेला फोन उचल. एटीएच: हँग, म्हणजे फोन ठेव. एटीएम०: स्पीकर बंद कर. रात्री घरातले झोपले असताना याचा फार उपयोग. स्पीकर दिलाय कशासाठी? पलीकडे मॉडेमऐवजी चुकून एखाद्या काकूंनी फोन उचलला, तर त्यांचा "हॅलो, हॅलो" आपल्याला ऐकू यावा म्हणून.

मग येतात एस रजिस्टर. मॉडेमच्या पोटातले छोटे कप्पे, प्रत्येकात एक आकडा. एस० मध्ये किती रिंगनंतर आपोआप फोन उचलायचा तो आकडा. एटीएस०=२ म्हटलं की दोन रिंग झाल्यावर मॉडेम स्वतःच उचलणार. शून्य ठेवला तर उचलणारच नाही. एस७ मध्ये पलीकडच्या मॉडेमची शिट्टी येण्याची वाट किती सेकंद बघायची ते. एस८ मध्ये त्या स्वल्पविरामाचे सेकंद. कप्प्यात काय आहे ते बघायचं तर शेवटी प्रश्नचिन्ह: एटीएस७? असं विचारलं की आकडा समोर.

आता टोन आणि पल्सचा फरक जव्हारच्या एसटीडी कोडवर बघू. जव्हारचा कोड ०२५२०. पल्समध्ये प्रत्येक अंकासाठी लाईन तेवढ्या वेळा क्षणभर तोडायची. दोनसाठी दोनदा, पाचसाठी पाचदा आणि शून्यासाठी दहा वेळा. जुन्या गोल चकतीच्या फोनमध्ये कटकट व्हायची ती हीच. बेरीज करा: १०, २, ५, २, १०. एकूण २९ खटके. सेकंदाला दहा या हिशोबाने जवळपास तीन सेकंद, शिवाय दोन अंकांमध्ये थांबायचं ते वेगळं. मोखाड्याचा कोड ०२५२९, म्हणजे २८ खटके. एक खटका स्वस्त! टोनमध्ये मात्र कुठलाही अंक असो, वेळ तेवढाच. सगळा कोड एखाद्या सेकंदात.

लाईन नसताना फोन लावणे

माझ्याकडे लँडलाईन नाही. म्हणून मी दोन्ही मॉडेम एका साध्या टेलिफोन वायरने थेट एकमेकांना जोडले. मध्ये एक्सचेंज नाही, त्यामुळे डायल टोनही नाही. पहिल्या मॉडेमला एटीडी दिलं की तो म्हणायचा: नो डायलटोन. त्याचं बरोबरच आहे.

यावर इलाज म्हणजे एक्स कमांड. एटीएक्स३ म्हटलं की मॉडेम डायल टोनची वाट बघत नाही, सरळ नंबर फिरवायला लागतो. ही कमांड जुन्या लोकांच्या ओळखीची असेल, कारण एक्सचेंजचा टोन मॉडेमच्या ओळखीचा नसला की विंडोजमधल्या मॉडेमच्या सेटिंगमध्ये, जादा कमांडच्या रकान्यात, हीच दोन अक्षरं टाकायला सांगायचे.

तर एका लॅपटॉपवर एटीएक्स३डी. दुसऱ्या लॅपटॉपवर लगेच एटीए. किरकिर, शिट्टी, खरखर, आणि दोन्हीकडे एकच शब्द: कनेक्ट, पुढे वेगाचा आकडा. मी इकडे "जेवलास का" टाइप केलं, ते तिकडे उमटलं. बायको म्हणाली, "दोन फूट लांब मेसेज पाठवायला एवढा खटाटोप?" मी काय बोलणार.

एक सूचना. काही मॉडेमना लाईनवरचा करंट लागतो, त्याशिवाय ते हलत नाहीत. माझ्या जोडीला लागला नाही. आणि खऱ्या टेलिफोन लाईनवर प्रयोग करत असाल तर उघड्या तारेला हात लावू नका. एरवी तिथे ४८ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, पण रिंग वाजताना त्याहून बराच जास्त एसी येतो आणि चांगला झटका बसतो.

उत्तरं नीट वाचा

आता या भाषेतला मला सगळ्यात आवडणारा भाग. मॉडेमची उत्तरं. ती मोजकीच आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा.

ओके: हुकूम पाळला. एरर: हुकूमच कळला नाही, म्हणजे चूक तुमच्या टायपिंगमध्ये. नो डायलटोन: फोन उचलला पण एक्सचेंजच नाही, म्हणजे तार तपासा. बिझी: एक्सचेंजपर्यंत सगळं ठीक, पलीकडे दुसरं कुणी बोलतंय. नो कॅरिअर: पलीकडच्या मॉडेमची शिट्टी आलीच नाही किंवा चालू असलेलं कनेक्शन तुटलं. रिंग: तुम्हाला फोन येतोय.

बघा, कनेक्शन झालं नाही एवढीच गोष्ट, पण ती किमान चार प्रकारांनी सांगितली. घरातली तार तुटली असेल तर लाईनमनला बोलवायचं. पलीकडे बिझी असेल तर लाईनमन येऊन काय करणार? थोड्या वेळाने परत फिरवायचं. उत्तरावरून पुढचं काम ठरतं.

आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला मुंबईसह मोठ्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते डायल-अपच होतं. मागणी अंदाजापेक्षा फार जास्त निघाली आणि सुरुवातीच्या दिवसांत लाईन आणि मॉडेम अपुरे पडले. तेव्हा पडद्यावरचं "बिझी" वाचून लोक वैतागले असतील, पण निदान त्यांना कळत तरी होतं की अडलंय कुठे. आपल्या स्मार्टफोनवर काय दिसतं? एक गोल फिरतोय. "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा." काय चुकलं? कुणाचं चुकलं? काही नाही.

तीन अधिक चिन्हं आणि एक खोडी

एक प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. फोन लागल्यावर मॉडेम डेटा मोडमध्ये गेला, आता प्रत्येक अक्षर पलीकडे जाणार. मग फोन ठेवायचा हुकूम द्यायचा कसा? "एटीएच" टाइप केलं तर तेही पलीकडे जाईल!

त्यासाठी तीन अधिक चिन्हं: प्लस प्लस प्लस. पण नुसती नाहीत. आधी एक सेकंद गप्प, मग तीन प्लस, मग परत एक सेकंद गप्प. मॉडेम समजतो की आता माझ्याशी बोलतायत, आणि ओके म्हणून कमांड मोडमध्ये येतो. फोन चालूच असतो. एटीएच दिलं की ठेवतो, एटीओ दिलं की परत बोलणं सुरू.

ती शांतता का? कारण एखाद्या फाईलमध्येच तीन प्लस असू शकतात. फाईल जात असताना अक्षरं सलग येतात, बरोबर एक-एक सेकंदाची फट पडत नाही. ही युक्ती हेदरिंग्टनची. हेज कंपनीने तिचं पेटंट घेतलं, ते १९८५ मध्ये मिळालं. मग काही मॉडेमवाल्यांनी पेटंटचे पैसे वाचवण्यासाठी ती शांततेची अटच काढून टाकली.

झालं काय? खोडकर लोकांनी एक शोध लावला. समोरच्याच्या संगणकाला पिंग पाठवायचा, आणि त्या पिंगच्या पोटात "प्लस प्लस प्लस एटीएच०" एवढी अक्षरं भरायची. पिंगचा नियम असा की आलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठवायचा. समोरच्याचा संगणक इमानदारीने ती अक्षरं आपल्या मॉडेमकडे देतो. मॉडेमला वाटतं, मालकाचा हुकूम आला, फोन ठेव. कनेक्शन गेलं! एक सेकंद वाचवला आणि घराची किल्ली रस्त्यावर आली. जे वेब डेव्हलपमेंट शिकताय त्यांनी हे लक्षात ठेवा. डेटा आणि हुकूम एकाच वाटेने जात असतील तर मधली वेस पाडायची नाही. आजचं एसक्यूएल इंजेक्शन याच घराण्यातलं आहे.

मेलं नाही, खिशात गेलं

हेज कंपनी १९९० च्या दशकाच्या शेवटी बुडाली. भाषा मात्र टिकली. आधी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती व्ही.२५० या नावाने प्रमाण केली. मग मोबाईल आले आणि मोबाईलच्या पोटातल्या मॉडेमलाही हुकूम द्यावे लागणारच होते. नवीन भाषा कशाला शोधायची? हीच घेतली, फक्त नवीन कमांडना पुढे प्लस आणि सी लावला. मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या २७.००७ क्रमांकाच्या दस्तऐवजात त्या सगळ्या लिहिलेल्या आहेत. तुमच्या फोनच्या मॉडेमलाही यातल्या बऱ्याच कळतात, फक्त कंपनीने दार बंद केलेलं असतं.

आपल्याला तीन पुरेत.

एटी प्लस सीपिन? : सिम ठीक आहे का? उत्तर रेडी आलं तर सिम वाचता येतंय.

एटी प्लस सीएसक्यू : सिग्नल किती? उत्तर ० ते ३१ मध्ये, आणि ९९ म्हणजे कळत नाही. हिशोब सोपा: आकडा दुप्पट करायचा आणि उणे ११३ मध्ये मिळवायचा. उत्तर १४ आलं तर उणे ११३ अधिक २८, म्हणजे उणे ८५ डीबीएम. चांगला सिग्नल. ३ आलं तर उणे १०७, जेमतेम.

एटी प्लस सीआरईजी? : नेटवर्कने तुला घरात घेतलं का? उत्तरातला दुसरा आकडा बघायचा. १ म्हणजे घेतलं. ५ म्हणजे रोमिंगवर घेतलं. २ म्हणजे शोधतोय. ३ म्हणजे नकार.

आता चला पाड्यावर

जव्हार-मोखाड्यात पाऊस कमी नाही. पावसाळ्यात डोंगर धो-धो वाहतात आणि मे महिन्यात त्याच डोंगरावर हंड्यांच्या रांगा. मुंबईला पाणी पाजणारं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, पण पाणी उताराने जातं आणि पाडे चढावर असतात. मामाच्या पाड्याची विहीर खाली नाल्याजवळ, टाकी वर टेकाडावर. मध्ये मोटर. लाईट कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवलेला. लाईट आली की वरूनच त्या नंबरला मिस कॉल द्यायचा, मोटर चालू. खाली उतरायला नको.

तो बंद पडला. मिस कॉल दिला की फोनवर "संपर्क होऊ शकत नाही" अशा अर्थाचा संदेश. आता आमच्याकडे हा संदेश रोजचाच, त्यामुळे सगळ्यांनी रेंजला शिव्या दिल्या. चार दिवसांनी एकाला बोलावलं. त्याने डबा उघडला, बंद केला, म्हणाला कार्ड जळालंय, नवीन स्टार्टर घ्या. काही हजारांचा खर्च. पाणी समितीकडे तेवढे पैसे नव्हते. हाताने मोटर चालू करायची तर खालच्या पेटीतलं जुनं बटणही गेलेलं. मामाचा फोन आला, "अरे, तू एवढा इंजिनिअर झालास, एकदा येऊन बघ तरी."

शनिवारी गेलो. आधी मेन स्विच बंद केला. हे पहिलं, विसरू नका, मोटरीच्या पेटीत जीव जातो. स्टार्टरमधलं मोबाईलचं मॉड्यूल टू-जीचं होतं आणि त्याला वेगळी छोटी बॅटरी होती. त्याच्या तीन पिना लॅपटॉपला जोडल्या. ९६०० वेग. भोवती दहा-बारा पोरं. टाइप केलं: एटी.

ओके.

म्हणजे कार्ड जळालेलं नाही. जळालेलं कार्ड ओ देत नाही.

सीपिन विचारलं. रेडी. सिम जागेवर आहे. सीएसक्यू विचारलं. १४. म्हणजे रेंजही आहे, नाल्यात असूनही आहे. मग सीआरईजी विचारलं. उत्तर: शून्य, तीन.

तुम्हाला आता कळलंच असेल. टॉवर दिसतोय, सिम वाचता येतंय, पण नेटवर्क म्हणतंय, तुला घेत नाही.

मी मामाला विचारलं, "मामा, या सिमचं रिचार्ज कोण करतं?" मामाने शेजाऱ्याकडे बघितलं, शेजाऱ्याने पाणी समितीच्या अध्यक्षांकडे, अध्यक्षांनी आकाशाकडे. सिम फक्त मिस कॉल घेण्यासाठी. त्यावरून कुणी बोलत नाही, त्यामुळे रिचार्ज संपल्याचे मेसेज कुणी वाचलेच नाहीत. महिनोन्महिने तसंच पडून राहून नंबरच बंद झाला होता.

मोखाड्याला जाऊन नवीन सिम आणलं. ते चालू व्हायला संध्याकाळ झाली. मग परत विचारलं, सीआरईजी? शून्य, एक. मामाने नवीन नंबरला मिस कॉल दिला आणि माझ्या स्क्रीनवर एक शब्द उमटला: रिंग. स्टार्टरमधल्या छोट्या चिपने नंबर तपासला, यादीत आहे बघून घेतलं, एटीएच देऊन फोन कापला आणि रिले खटकन बसला. पोरांनी ओरडा केला. वर टाकीत पाणी पडायला थोडा वेळ लागला, पण पडलं.

रिंग आणि एटीएच. १९८१ मधले तेच शब्द, त्याच अर्थाने, मोखाड्यातल्या नाल्यात.

तुम्ही काय करू शकता

मला यात हुशारी मिरवायची नाहीये. मशीनने उत्तर दिलं, मी फक्त विचारलं. अकरा दिवस तो डबा कुणी विचारलं असतं तर सांगायला तयार होता. आपण मात्र सगळ्या दुखण्यांना एकच नाव दिलं: "रेंज नाही." रेंज नाही, सिम बंद, टॉवर गर्दीने भरलेला, डबा जळालेला, ही चार वेगळी दुखणी आणि चार वेगळे इलाज.

तुमच्या हातात लॅपटॉप नसेल, पण फोन आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* टाकलं की चाचणीचा मेनू उघडतो. नाही उघडला तर सेटिंगमध्ये, फोनबद्दल या भागात, सिमची स्थिती बघा. तिथे डीबीएममध्ये आकडा मिळेल. फोर-जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर चांगलं, उणे ११५ च्या पुढे गेलं तर अवघड. त्या मेनूत बाकी काही बदलू नका, फक्त वाचा.

गावात रेशनच्या मशीनला किंवा शाळेच्या टॅबला नेटवर्क मिळत नसेल तर तक्रारीत "रेंज नाही" एवढंच लिहू नका. अमुक पाडा, अमुक कंपनीचं सिम, अमुक वाजता उणे ११८, टेकाडावर उणे ९५, असं लिहा. तीन दिवसांचे आकडे लिहा. अशा तक्रारीला "तुमचा फोन खराब असेल" म्हणून परत पाठवणं अवघड जातं.

आणि ज्यांच्या गावात मोबाईल स्टार्टर आहे त्यांनी आजच एक काम करा. त्या सिमचा नंबर आणि रिचार्जची शेवटची तारीख टाकीच्या भिंतीवर रंगाने लिहून टाका. मामाच्या पाड्यावर आम्ही लिहिली आहे. खाली पोरांनी खडूने अजून एक ओळ लिहिली: एटी, ओके.

पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत तुमच्या गावातलं असं एखादं मुकं मशीन असेल तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, मिळून विचारून बघू. काळजी घ्या, मंडळी. एटीएच.

[आवाज: फोन ठेवल्याची खटक]